मेनिंजायटिसचं पीसीआर पॅनेल, इंदूर: तपासणीला पाच स्टार, काउंटरला दोन

तपासणीला पाच स्टार, रात्रपाळीच्या टेक्निशियनला पाच, काउंटरला दोन, एकूण चार धरा. लॅबचं नाव लिहीत नाहीये कारण मला सांगायचंय ते तपासणीबद्दल आहे, आणि काउंटरवर आमच्याशी जे झालं ते कुठल्याही लॅबच्या काउंटरवर होऊ शकतं, एकाच्याच माथी मारायचं नाहीये. इंदूरमधल्या रात्रभर उघड्या असणाऱ्या मोठ्या लॅबपैकी एक, एवढं पुरे. ज्यांच्या घरात मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आल्याच्या, शंकेने कुणाच्या पाठीतलं पाणी (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढायची वेळ आलीये आणि डॉक्टरांनी "पीसीआर पण करून घ्या" म्हणून चिठ्ठी हातात दिलीये त्यांच्यासाठी लिहितेय, कारण त्या रात्री मला असं काही मराठीत वाचायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, २२ वर्षं झाली. पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधायची तपासणी, बारावीच्या पुस्तकात आहे, आकृती फळ्यावर दरवर्षी काढते, मुलं पाठ करून लिहून येतात. तरी चिठ्ठी हातात आली तेव्हा मला पहिल्यांदा हेच विचारावंसं वाटलं की कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) लावतोच आहोत ना, मग हे वरचे हजारो रुपये कशाला. त्याचं उत्तर मला तीन दिवसांत मिळालं.

झालं असं की बाबा ६७ वर्षांचे, शुगर आहे, डावा कान कितीतरी वर्षांपासून वाहतो, थंडीत जास्त. रामबागेत दादा-वहिनीकडे असतात. रंगपंचमीच्या तीनेक दिवस आधी कान ठणकायला लागला, ताप आला, नेहमीच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. ताप उतरेना. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी डोकं धरून बसले, दोन उलट्या झाल्या, उजेड नको म्हणाले आणि संध्याकाळी वहिनीला आईच्या नावाने हाक मारायला लागले. आई जाऊन सहा वर्षं झाली. वहिनीने मला फोन केला तेव्हा तिच्या आवाजावरूनच कळलं की हे नेहमीचं दुखणं नाहीये.

जवळच्या नर्सिंग होममधल्या डॉक्टरांनी मान वाकवून बघितली, वाकेना. त्यांनी लगेच स्टेरॉइड आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले इथे थांबू नका, मोठ्या हॉस्पिटलला न्या. हे त्यांनी अगदी बरोबर केलं, हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर एक नातेवाईक म्हणाले की इंजेक्शन आधी द्यायलाच नको होतं, त्याच्यामुळे तपासणी बिघडली. नाही हो. बॅक्टेरियाचा मेनिंजायटिस असेल तर तासातासाने फरक पडतो, तपासणीसाठी औषध थांबवून ठेवायचं नसतं. फक्त एक गोष्ट करता आली असती, इंजेक्शनच्या आधी रक्ताचं कल्चर घेऊन ठेवता आलं असतं, पाचच मिनिटांचं काम आहे, ते राहिलं. तुमच्यावर वेळ आली तर तेवढं विचारा.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये सीटी स्कॅन झाला आणि मग पाठीतलं पाणी काढायचं ठरलं. इथे आमच्या आत्याने रडारड केली, बाबांची धाकटी बहीण, म्हणे पाठीत सुई घातली की पाय जातात, अमक्याच्या दिराचे गेले. ही भीती आपल्याकडे घराघरात आहे आणि तिच्यापायी लोक सही करायला दोन दोन तास लावतात, म्हणून सांगते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे, तिथे नुसत्या नसांचा झुपका पाण्यात तरंगत असतो, सुई आली की बाजूला सरकतो. मी आत्याला तिच्याच पाठीवर बोट ठेवून दाखवलं कुठे संपतो आणि कुठे सुई जाते. ती गप्प झाली, दादाने सही केली.

पाणी गढूळ आलं. निरोगी माणसाचं अगदी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ असतं, बाबांचं तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं होतं. ते बघूनच डॉक्टर म्हणाले बॅक्टेरियाच दिसतोय, पण कोणता ते कळायला हवं.

आता लॅबची गोष्ट. हॉस्पिटलची स्वतःची लॅब पेशी मोजते, प्रोटीन-शुगर करते, ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करते, पण पीसीआरची सोय नाही, आणि रात्री कल्चर घेणारं कुणी नव्हतं, म्हणून दोन नळ्या बाहेरच्या लॅबला न्यायच्या आणि त्या नातेवाईकांनीच न्यायच्या. हे आपल्याकडे सर्रास चालतं. वॉर्डातल्या मुलाने दोन्ही नळ्या थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीवर ठेवून माझ्या हातात दिल्या, "मैडम, सीधे लैब, कहीं रुकना मत". रात्रीचे अकरा वाजत आले होते, दुसऱ्या दिवशी गेर (रंगपंचमीची मिरवणूक) म्हणून राजवाड्याकडे बॅरिकेड लावायला सुरुवात झाली होती, दादा गाडी चालवत होता आणि मी डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते.

लॅबमध्ये रात्रपाळीला एक टेक्निशियन होता, असेल तीसेक वर्षांचा. त्याने डबा उघडला आणि पहिलं वाक्य हे बोलला की कल्चरवाली नळी बर्फात कुणी ठेवली. मला वाटलं झालं, सगळं वाया गेलं. त्याने मला नीट समजावून सांगितलं, आणि हे खरंच लक्षात ठेवण्यासारखं आहे. कल्चर म्हणजे जिवंत जंतू वाढवून बघायचे. मेनिंजायटिस करणाऱ्या जंतूंपैकी मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस हे दोन्ही नाजूक, थंडीत मरतात, म्हणून कल्चरची नळी खोलीच्या तापमानाला ठेवायची आणि शक्यतो तासाभरात पोचवायची. पीसीआरला जंतू जिवंत लागतच नाही, त्याचा डीएनए लागतो, म्हणून ती नळी थंड ठेवली तरी चालते. एकाच डब्यातल्या दोन नळ्या, दोघींचे नियम वेगळे, आणि ज्या मुलाने त्या भरल्या त्याला हे कुणी सांगितलेलंच नाही. त्याच्यावर राग नाही माझा. पण ज्या हॉस्पिटलमधून नातेवाईकांच्या हाती सॅम्पल पाठवतात त्यांनी नळीवर एक चिठ्ठी चिकटवायला काय हरकत आहे.

त्या टेक्निशियनने अजून एक गोष्ट केली. नळी उघडायच्या आधी मास्क लावला, ग्लव्ह्ज बदलले, आणि मी काचेपाशी उभी राहून काहीतरी विचारत होते तर हाताने थांबा म्हणाला, काम झाल्यावर बाहेर येऊन उत्तर दिलं. न्यूमोकोकस हा मेनिंजायटिस करणारा जंतू चांगल्या धडधाकट माणसांच्या नाका-घशातही राहतो, नळीवर बोललं, शिंकलं तर आपलाच जंतू आत जाऊ शकतो, आणि पीसीआर इतकी बारीक नजर असलेली तपासणी आहे की तोही पकडेल. या पॅनेलवर न्यूमोकोकस चुकून पॉझिटिव्ह आल्याच्या नोंदी परदेशातल्या अभ्यासांमध्ये आहेतच. म्हणून लॅब निवडताना मशीन कोणतं यापेक्षा ते हाताळणारा माणूस कसा आहे हे मला जास्त महत्त्वाचं वाटायला लागलंय. लॅबचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएलचं सर्टिफिकेट भिंतीवर होतं, ते बघाच, पण मी पाच स्टार त्या मास्कला दिलेत.

आता दोन स्टारवाला काउंटर. तिथे पैसे भरायच्या आधी मी विचारलं की या तपासणीत नेमकं काय काय बघतात. काउंटरवरच्या मुलीचं उत्तर, "मैडम, दिमागी बुखार का पूरा पैकेज है, इसमें सब आ जाता है". मी म्हटलं टीबी येतो का. "हां हां, सब". नाही येत. मी फोनवर शोधून पॅनेलची यादी वाचली आणि तिला दाखवली, तेव्हा ती म्हणाली डॉक्टर से पूछ लीजिए.

म्हणून इथे नीट लिहिते. आमच्याकडे झालं ते बायोफायरचं मेनिंजायटिस-एन्सेफलायटिस पॅनेल, अमेरिकेत एफडीएने २०१५ मध्ये मंजूर केलेलं. एका वेळी १४ गोष्टी बघतं. सहा बॅक्टेरिया: न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा, लिस्टेरिया, ग्रुप बी स्ट्रेप आणि ई कोलायचा फक्त के-वन प्रकार, हे शेवटचे दोन मुख्यतः नवजात बाळांचे. सात व्हायरस, त्यात हर्पिसचे दोन, कांजिण्यांचा एक, एन्टेरोव्हायरस वगैरे. आणि एक बुरशी, क्रिप्टोकोकस. बस्स. टीबी यात नाही आणि आपल्या देशात टीबीचा मेनिंजायटिस काही दुर्मिळ नाही, त्यासाठी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही टीबीचा डीएनए शोधणारी तपासणी वेगळी सांगावी लागते. जपानी मेंदूज्वर यात नाही, त्याची अँटिबॉडीची वेगळी तपासणी असते. डेंग्यू नाही. म्हणजे रिपोर्टवर १४ च्या १४ निगेटिव्ह आले तर "काही नाही" असा अर्थ होत नाही, या १४ पैकी काही सापडलं नाही एवढाच होतो. काउंटरवरच्या मुलीने सब म्हटलं आणि एखाद्याने त्यावर विश्वास ठेवून टीबीची तपासणी केलीच नाही, तर काय होईल विचार करा. बाबांना आजारी पडून थोडेच दिवस झाले होते आणि पाणी गढूळ होतं म्हणून आमचे डॉक्टर टीबीकडे झुकत नव्हते, पण ज्यांचा ताप दोन-तीन आठवडे चाललाय त्यांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरं, पॅनेलला पाणी फक्त २०० मायक्रोलिटर लागतं, म्हणजे चार-पाच थेंबच म्हणा. टीबीला, कल्चरला जास्त लागतं. म्हणून पाणी काढतानाच डॉक्टरांना विचारा की कशाकशाला पाठवायचंय, म्हणजे तेवढं काढून ठेवतात, परत सुई टोचावी लागत नाही.

तपासणी चालते कशी ते थोडक्यात सांगते, कारण कोविडनंतर आरटीपीसीआर हा शब्द पानवाल्यालाही माहीत झालाय पण आत काय होतं ते कुणी सांगत नाही. प्रत्येक जंतूच्या डीएनएमध्ये एखादा तुकडा असा असतो जो त्याच्यातच सापडतो, दुसऱ्यात नाही. साध्या रिअल टाइम पीसीआरमध्ये न्यूमोकोकससाठी लिट-ए नावाचं जीन शोधतात, मेनिंगोकोकससाठी सीटीआर-ए. डीएनएचे दोन धागे साधारण ९५ डिग्रीला सुटे करायचे, मग थोडं गार करून प्रायमर नावाचे छोटे तुकडे त्या ठरावीक जागी चिकटू द्यायचे, मग ७२ डिग्रीच्या आसपास टॅक नावाच्या एन्झाइमने पुढचा धागा विणून घ्यायचा. एकाचे दोन, दोनाचे चार, ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या वर. जंतू तिथे नसेल तर प्रायमरला चिकटायला जागाच नाही, काहीच वाढत नाही. कॅरी म्युलिसला ही कल्पना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्याला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. टॅक एन्झाइम ज्या जंतूपासून येतो तो अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत सापडला होता, म्हणून तर हे एन्झाइम ९५ डिग्रीला टिकतं. कोविडचा व्हायरस आरएनएचा, म्हणून आधी आरएनएचा डीएनए करून घ्यावा लागायचा, ते आरटी त्याचं. बॅक्टेरियाचा डीएनए असतोच, ती पायरी लागत नाही. या पॅनेलमध्ये हे सगळं एका बंद पाऊचमध्ये होतं, सुकवलेली केमिकल्स आतच असतात, पाणी आत सोडलं की मशीन सुमारे तासाभरात निकाल देतं.

आणि कल्चर कशाला पुरलं नसतं तेही इथेच कळतं. बाबांना आधी गोळ्या, मग इंजेक्शन, आणि पाणी काढलं ते इंजेक्शननंतर चार-पाच तासांनी. एवढ्या वेळात औषधाने पाण्यातले जंतू मारलेले असू शकतात, मेनिंगोकोकस तर दोन तासांतच जाऊ शकतो. मेलेला जंतू प्लेटवर वाढणार कसा. पण त्याचा डीएनए तिथेच पडलेला असतो आणि पीसीआरला तेवढा पुरतो.

सव्वा अकराला नळी दिली. हॉस्पिटलच्या लॅबचा रिपोर्ट तोवर आला होता, पेशी १,८००, बहुतेक सगळ्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), प्रोटीन २४०, पाण्यातली शुगर फक्त १८, ग्रॅम स्टेनमध्ये पेशीच पेशी पण जंतू दिसला नाही. एक वाजायच्या आत लॅबमधून फोन गेला. मला नाही, आधी डॉक्टरांना. टेक्निशियनने नंतर सांगितलं की असा निकाल आला की आधी ज्याच्या हातात पेशंट आहे त्याला फोन, मग व्हॉट्सअ‍ॅप. हे मला फार आवडलं. मी तो कागद एकटीने रात्री एक वाजता मोबाइलवर उघडला असता तर ‘डिटेक्टेड’ या एका शब्दावर अडकून बसले असते.

तेरा ओळींवर नॉट डिटेक्टेड आणि एका ओळीवर डिटेक्टेड, स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिये, म्हणजे न्यूमोकोकसच. कानातला पू तिथून आत गेला असणार असं डॉक्टर म्हणाले, आणि नंतर सीटीत कानामागचं हाड खराब झालेलं दिसलंच.

त्या एका नावाने काय झालं ते ऐका. बाबांना त्या वेळी चार औषधं चालू होती. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, व्हँकोमायसिन, शिवाय वय पन्नाशीच्या वर म्हणून लिस्टेरियाच्या शंकेने अँपिसिलिन, आणि बरळत होते म्हणून हर्पिसच्या शंकेने असायक्लोव्हिर. बाबांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) आधीच वर, शुगरवाल्यांचं बऱ्याचदा असतं तसं, आणि असायक्लोव्हिर किडनीला जड जातं, व्हँकोमायसिनही जातं. निकाल आला, जंतूचं नाव कळलं, बाकीचं सगळं त्याच्याशी जुळत होतं, हर्पिस नाही, लिस्टेरिया नाही. सकाळच्या राउंडला असायक्लोव्हिर बंद, अँपिसिलिन बंद. स्टेरॉइड चार दिवस पूर्ण करायचं ठरलं, कारण न्यूमोकोकसमध्ये त्याचा फायदा होतो. दोन औषधं कमी झाली म्हणजे बिल कमी झालं हे आहेच, पण दोन दिवसांनी क्रिएटिनिन वर जायचं थांबलं तेव्हा मला पॅनेलच्या पैशांचा हिशोब खऱ्या अर्थाने लागला.

व्हँकोमायसिन मात्र थांबवता आलं नाही, आणि ही या तपासणीची मर्यादा आहे. पीसीआरने जंतूचं नाव सांगितलं, पण तो कोणत्या औषधाला दाद देतो ते हे पॅनेल सांगत नाही. ते कल्चरच सांगतं, जंतू वाढवून त्याच्यावर औषधांच्या चकत्या ठेवून. म्हणून "पीसीआर केलंय ना, मग कल्चर कशाला" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. काउंटरवर मला हेच सुचवलं गेलं, "पैकेज ले लीजिए, कल्चर की जरूरत नहीं पड़ेगी, वो तीन दिन लगता है". या वाक्यासाठी एक स्टार कापलाय. आमचं कल्चर तिसऱ्या दिवशी निरंक आलं, त्यातून काही मिळालं नाही, पण ते वाढलं असतं तर व्हँकोमायसिन कदाचित तिसऱ्या दिवशी बंद करता आलं असतं. न वाढल्यामुळे डॉक्टरांना सावधगिरी म्हणून ते आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दोन्ही चालू ठेवावी लागली. म्हणजे एकीच्या जागी दुसरी नाही, दोन्ही लागतात.

मुलांचं सांगायचं राहिलं. दादाची दोन मुलं, भाची पाच वर्षांची, भाचा नऊ, दोघं आजोबांच्या पांघरुणात शिरून गोष्टी ऐकणारी. दिमागी बुखार म्हटल्यावर शेजाऱ्यांनी आपली मुलं आमच्या अंगणात पाठवणं बंद केलं, एका ओळखीच्यांनी २००५ मध्ये दिल्लीत आलेल्या मेनिंगोकोकसच्या साथीची आठवण काढली, त्या वेळी ते तिथेच होते, आणि वहिनी पार हादरली. मेनिंगोकोकस असता तर भीती बरोबरच होती, घरातल्या जवळच्या सगळ्यांना रिफाम्पिसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध प्रतिबंध म्हणून द्यावं लागलं असतं, आणि तेही उशीर न करता. न्यूमोकोकसमध्ये घरच्यांना तसं काही द्यावं लागत नाही. कल्चरच्या भरवशावर असतो तर तीन दिवस सगळे टांगून राहिलो असतो, आणि तिसऱ्या दिवशी निरंक आलं म्हणजे कोणता जंतू ते शेवटपर्यंत कळलंच नसतं. त्याच रात्री कळलं म्हणून सकाळी मी वहिनीला फोन करून सांगितलं की मुलांना काही द्यायचं नाहीये, आंघोळ घालून शाळेत पाठव. मग आम्हाला दोघींना आठवलं की आज रंगपंचमी, शाळा बंद आहे.

भाचीचं लसींचं कार्ड मी तरी काढून बघितलीच. पेन्टाव्हॅलंटमध्ये हिमोफिलस टाइप बी येतो, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. न्यूमोकोकसची पीसीव्ही आता सरकारी लसीकरणात २०२१ पासून देशभर आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्यात बूस्टर, फुकट. ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनी कार्ड आजच काढून बघा. शुगरवाल्या ज्येष्ठांसाठीही न्यूमोकोकसची लस असते, बाबांना कान एवढा जुना वाहत असून ती कधी कुणी सुचवली नव्हती आणि आम्हीही विचारली नव्हती, याची मला फार खंत आहे.

अजून एक काउंटरचीच गोष्ट. आठव्या दिवशी लॅबमधून फोन, "रिपीट पीसीआर करवा लीजिए, क्लियर हुआ कि नहीं पता चल जाएगा". मी डॉक्टरांना विचारलं, ते नाही म्हणाले, आणि कारण तेच, मेलेल्या जंतूचा डीएनएही पीसीआर पकडते. बरं होत असलेल्या माणसाचा रिपोर्टसुद्धा काही दिवस पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि घरचे उगीच घाबरतात. बरं वाटतंय का ते ताप, मान, बोलणं यावरून बघायचं, गरज पडली तर पेशी-प्रोटीन परत करायचं. कोविडमध्ये आपण हेच बघितलं होतं ना, माणूस ठणठणीत आणि आरटीपीसीआर महिनाभर पॉझिटिव्ह. जो फोन करत होता त्याला टार्गेट असेल, समजू शकते, पण ही मेंदूच्या आजाराची तपासणी आहे, थायरॉइडचं ऑफर पॅकेज नाही.

पैशाचं सांगते. आमचे पंधरा हजारांच्या थोडे आत गेले, कल्चर वेगळं. रात्री अकरा वाजता पूर्ण रक्कम आधी भरा म्हणाले, एवढं मोठं पेमेंट दादाच्या यूपीआयमधून जाईना, मग माझ्याकडून अर्धे, त्याच्याकडून अर्धे असं करत दहा मिनिटं गेली, आणि नळी तोपर्यंत काउंटरवर तशीच पडून होती. टेक्निशियन स्वतः बाहेर येऊन नळी घेऊन गेला, "पैसे होते रहेंगे" म्हणाला. त्या मुलाचं नाव मी लिहीत नाही पण लॅबच्या मॅनेजरला मी पत्र दिलंय. ज्यांना एवढे पैसे परवडत नाहीत त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारा की १४ जंतूंच्या ऐवजी नेमक्या दोन-तीन बॅक्टेरियांची साधी रिअल टाइम पीसीआर कुठे होते का, आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीत काय सोय आहे. सगळ्यांना पूर्ण पॅनेल लागेलच असं नाही, विचारायला संकोच करू नका.

रिपोर्टच्या कागदाबद्दल: स्वच्छ आहे, वेळ छापलेली आहे, कधी नळी आली, कधी निकाल निघाला. पण खाली टीपा बारीक अक्षरात, इंग्रजीत, आणि औषधाला दाद देतो की नाही हे यात बघितलेलं नाही, ही ओळ मला कुठेच दिसली नाही. ती ठळक असायला हवी.

बाबा चौदा दिवसांनी घरी आले. चालतात, जेवतात, पेपर वाचतात, वहिनीला वहिनीच म्हणतात, म्हणजे तिच्या नावानेच. डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही आणि उजव्याचंही कमी झालंय, न्यूमोकोकसनंतर हे होऊ शकतं म्हणून डॉक्टरांनी घरी सोडायच्या आधीच ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) लिहून दिली होती. नाव कळलेलं होतं म्हणूनच ती इतक्या लवकर लिहिली गेली. कानाचं मशीन लावलंय आता, अजून सवय होतेय, फोनवर बोलताना ओरडतात. कानाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, फाइलमध्ये तो एक पानाचा रिपोर्ट सगळ्यात वर लावून ठेवलाय.

लॅबवाल्यांना एकच मागणं आहे. काउंटरच्या काचेवर एक कागद चिकटवा, या पॅनेलमध्ये कोणते १४ आहेत, टीबी नाही, जपानी मेंदूज्वर नाही, कल्चर वेगळं करायचंच आहे आणि कल्चरची नळी बर्फात ठेवायची नाही. लिहून द्यायला मी तयार आहे, हिंदीत पण आणि मराठीत पण.